काउबॉय म्हणजे गुराखी का? शब्द सुचवा

एक छोटा लेख लिहितेय, १८६५ नंतर टेक्ससमध्ये गुलामगिरीतून सुटलेली काळी तरुण पोरं घोड्यावर बसून गुरांमागे निघाली त्याबद्दल. आणि पहिल्याच ओळीत अडकलेय, काउबॉयला मराठीत म्हणायचं काय? गुराखी लिहिलं की डोळ्यासमोर येतो काठी घेऊन बांधावर बसलेला, दिवेलागणीला गुरं घेऊन घरी परतणारा पोरगा. काउबॉय तसंच ठेवलं तर सगळ्यांना सिनेमातला गोरा हिरो दिसतो. आणि काम बघा कसं होतं, दोन-अडीच हजार लांब शिंगांची जनावरं, सोबत दहा-बारा माणसं, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, वाटेत नद्या पोहून पार करायच्या, असं दोन-तीन महिने चालत टेक्ससपासून पार कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत. टेक्ससमध्ये जे जनावर चार डॉलरला ते उत्तरेत चाळीसला जायचं म्हणून हा सगळा खटाटोप. यातला साधारण चारातला एक जण काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नॅट लव्ह घ्या, १८५४ साली टेनेसीत गुलाम म्हणून जन्मला आणि १८६९ मध्ये घर सोडून पश्चिमेला निघाला, वय पंधरा! आपल्याकडे दहावीत असतात त्या वयात. याला गुराखी म्हणवत नाही मला.

—

ताई, आमच्या विदर्भात ढोरकी म्हणतात, नाहीतर गायकी. पण तो गावाची ढोरं सकाळी नेतो अन् संध्याकाळी आणून सोडतो, लांब जात नाही. लांब चालवत नेणारा म्हणजे हेडी, बैलांचा व्यापारी, या बाजारातून त्या बाजारात. पण हेडी मालक असतो आणि तुमची ही पोरं पगारी. म्हणजे काम हेड्याचं आणि जागा सालगड्याची, असा एकच शब्द मला तरी माहीत नाही.

—

गायकी शब्द सोडू नका हो! काउबॉयांनी हे काम शिकलं मेक्सिकन लोकांकडून, त्यांचा शब्द वाकेरो, आणि तो आलाय वाका म्हणजे गाय यावरून. गायीवरून गायकी, वाकावरून वाकेरो, इतकं तंतोतंत जुळतं. लासो, म्हणजे गुरं पकडायचा फासाचा दोर, तो पण त्यांचाच, त्याला आपला फास चालेल. रोडिओ म्हणजे मुळात वेढा घालून गुरं एकत्र करणं. एक सावधगिरी मात्र, कळपाच्या शेवटी धुळीत चालणाऱ्या स्वाराला ड्रॅग म्हणायचे, नवख्यांच्या वाट्याला यायचं ते, तिथे 'धूळ खात' लिहू नका, मराठीत धूळ खात म्हणजे नुसतं पडून राहिलेलं आणि ही पोरं तर दिवसभर घोड्यावर.

—

मी असं वाचलंय की गोऱ्याला काउहँड म्हणायचे आणि काळ्याला काउबॉय, म्हणून तो शब्दच मुळात अपमानाचा. खरंय का?

—

मुळात तसा नाही. इंग्रजीत १७२५ मध्येच तो सापडतो, गायी राखणारा पोरगा या साध्या अर्थाने, आणि पुढे १८७०-८० पर्यंत गोऱ्या-काळ्या सगळ्यांनाच लावायचे. पण तुम्ही ज्यावर बोट ठेवलंत ते खोटं नाही, चांगल्या बाप्या माणसाला काळा म्हणून 'बॉय' हाक मारणं हे तिथे रोजचं होतं. आपल्याला वेगळं सांगायला नको, साहेबाच्या बंगल्यावर पन्नाशीच्या माणसालाही बॉयच म्हणायचे, आणि हॉटेलातला पोऱ्या म्हातारा झाला तरी पोऱ्याच राहतो.

बोस आयकर्डची गोष्ट या संदर्भात वाचा. मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मला, मुक्त झाल्यावर टेक्ससातला गुरांचा मोठा मालक चार्ल्स गुडनाइट याच्यासोबत गुरं हाकली, गुडनाइटचा इतका भरवसा की प्रवासात पैसे आयकर्डकडे असायचे. तो १९२९ मध्ये वारला तेव्हा म्हाताऱ्या गुडनाइटने टेक्ससातल्या वेदरफर्ड गावी त्याच्या कबरीवर दगड बसवला. माझ्याबरोबर चार वर्षं होता, कधी कामचुकारपणा केला नाही, हुकूम मोडला नाही, अशा अर्थाचं त्यावर कोरलंय. मला तो दगड फार मोठा वाटतो, माया खरी आहे त्यात. पण भाषा बघा, हुकूम मोडला नाही. दोस्ताबद्दल आपण असं लिहितो का? इमानी गड्याबद्दल लिहितो.

—

सुटलेली हा शब्द जपून वापरा ताई. अध्यक्ष लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण टेक्ससात गॅल्व्हस्टनला तो हुकूम लागू झाला १९ जून १८६५ ला, अडीच वर्षांनी. आणि गुलामगिरी हा शब्द बिनधास्त वापरा, जोतीरावांनी १८७३ मध्ये त्याच नावाचं पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, नॅट लव्ह तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. काउबॉय ठेवतेय, पहिल्यांदा येईल तिथे 'घोडेस्वार गायकी' असं फोडून सांगेन, आणि बॉय झाकणार नाही, बॉयवर एक वेगळा परिच्छेदच लिहिते. पंधराच्या नॅटला पोरगा म्हणेन, आयकर्डला नाही.

अजून एका जागी अडलेय. डॅनियल वेबस्टर वॉलेस, १८६० चा जन्म, आई गुलाम, पोरवयात पळून जाऊन गुरांच्या तांड्यात सामील झाला. क्ले मॅन नावाच्या मालकाकडे होता, त्याच्या जनावरांवर ८० असा डाग असायचा म्हणून याचं नावच पडलं ८० जॉन. महिना पगार तीस डॉलर, त्यातले पाचच हातात घ्यायचा आणि बाकीचे मालकाकडे ठेवून त्यातून स्वतःची गुरं घ्यायचा. मग पंचविसाव्या वर्षी शाळेत गेला, दुसरीच्या वर्गात बसला. पुढे हजारो एकर जमीन केली. त्याला शेवटी काय म्हणू? जमीनदार म्हटलं की आपल्याकडे वेगळाच माणूस उभा राहतो. तूर्त 'गुरांचा मालक' लिहिलंय, याहून बरा शब्द असेल तर सांगा, रविवारपर्यंत लेख द्यायचाय.