उद्यानाच्या आरक्षणातला तुकडा वाणिज्य विभागात जातोय: हरकत नेमकी कशावर घ्यावी?

वॉर्डकर
शहराच्या मंजूर विकास योजनेत उद्यानासाठी ८,००० चौ. मी.चं आरक्षण आहे, जागा अजून खाजगी मालकाच्या नावावर. आता एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा) कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघाली आहे. रस्त्यालगतचे ३,००० चौ. मी. वाणिज्य विभागात (म्हणजे दुकानांसारख्या व्यापारी वापराला), मागचे ५,००० उद्यानाला, आणि बदल्यात नाल्याकडेला ३,०००ची पट्टी. योजना अंमलात येऊन साडेअकरा वर्षं झाली. सह्यांची मोहीम चालू आहे, पण 'हिरवळ वाचवा' एवढ्यावर सुनावणीत निभाव लागेल असं वाटत नाही. काय लिहावं, कुठले कागद जोडावेत? आणि सरसकट नाकारावं की अटी घालून मान्य करावं?

नकाशावही
आधी मुदत. हरकतीला एक महिना मिळतो. तो कुठल्या तारखेपासून मोजायचा ते सूचनेतच असतं. जाहिरात उशिरा दिसली म्हणून वाढत नाही. हरकत आवक विभागात देऊन शिक्क्याची पोच घ्या आणि 'समक्ष सुनावणी हवी' ही ओळ वेगळी लिहा.

कागद: आरक्षण क्रमांक दिसणारा भाग नकाशा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, फेरबदलाचा ठराव आणि त्यामागचा नगररचना विभागाचा अहवाल. शेवटचे दोन माहिती अधिकारात मागितलेत तर ३० दिवस त्यातच जातात. प्रस्तावाचा नकाशा कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. तो पाहून नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या.

सह्यांचं एक लांबलचक पत्र बहुधा एकच हरकत म्हणून नोंदलं जातं. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची दहा पत्रं बरी.

कलम ३७ मध्ये योजनेचं मूळ स्वरूप बदलता येत नाही, हा मुद्दा सगळेच घेतात. घ्या, पण त्यावर विसंबू नका. एवढ्या क्षेत्राने अख्ख्या शहराच्या योजनेचं स्वरूप बदलतं हे पटवणं कठीण. त्यापेक्षा विकास योजनेचा अहवाल काढा, त्यात लोकसंख्या आणि मोकळ्या जागांचे आकडे असतात. आपल्या भागात माणशी किती चौ. मी. पडतात, फेरबदलानंतर किती उरतील, हा हिशेब मांडा. केंद्राच्या २०१४च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौ. मी. मोकळी जागा सुचवली आहे. नगररचनेच्या माणसाला या भाषेत उत्तर द्यावंच लागतं.

आणि 'तुमचा संबंध काय' असं कुणी विचारलंच, तर बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, १९९१. उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध रहिवाशांना दाद मागता येते, हे तिथे स्पष्ट झालं आहे.

सातबारा
वरचं सगळं ठीक, पण खरी मेख त्या साडेअकरा वर्षांत आहे. कलम १२७ वाचा. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो, म्हणजे 'जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा'. सूचना बजावल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. सगळे ८,०००. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) सांगून झालं आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: मालकाची सूचना आली आहे का, कुठल्या तारखेला? आली असेल आणि वीस महिने उलटले असतील, तर सरसकट नकार म्हणजे हातचं घालवणं. आलीच नसेल, तर घाई नेमकी कुणाला आहे?

दुसरा प्रश्न पैशाचा. २०१३च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर १०० टक्के दिलासा रक्कम असते, म्हणजे शहरात मोबदला साधारण दुपटीवर जातो. पालिका तिजोरी रिकामी म्हणणारच. पण टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकाम हक्क) दिला तर रोख लागत नाही. वर मालकाला जागा सपाट करून, १.५ मीटर उंचीची कुंपणभिंत घालून ताब्यात द्यावी लागते. टीडीआर लेखी देऊ केला होता का, हे सुनावणीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

मालक बहुधा नाहीच म्हणाला असेल. दुकानांचा भाव दर्शनी पट्ट्याला असतो, मागच्या ५,०००ना नाही. हेच हरकतीत यायला हवं: उद्यानाचं रस्त्याकडचं तोंडच जातंय. मागे जायला किती रुंदीची वाट राहते आणि ती कुणाच्या मालकीची? दुकानांच्या पार्किंगमधून जाणारं उद्यान सहा महिन्यांत त्या संकुलाचं खाजगी अंगण होतं.

वॉर्डकर
खरेदी सूचना चौदा महिन्यांपूर्वी आली आहे, आजच कळलं. नाल्याकडची पट्टी १२ मीटर रुंद आणि २५० मीटर लांब आहे. शिवाय उरलेल्या ५,००० खाली दुकानांसाठी भूमिगत पार्किंग सुचवलंय, 'वर उद्यान तसंच राहील' म्हणतात.

पायवाट
'तसंच' राहत नाही. मोठ्या झाडाला निदान १.५ मीटर माती लागते. भिजलेली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास, म्हणजे स्लॅबवर दर चौ. मी.ला तीन टन, झाडाचं वजन वेगळं. एवढ्या भाराचा स्लॅब महाग पडतो, मग माती अर्ध्या मीटरवर येते आणि हिरवळ नि कुंड्या उरतात. रॅम्प, जिने, हवा खेळवायचे शाफ्ट वरचीच जागा खातात. गळती लागली की दुरुस्तीसाठी माती उपसायची. पावसाचं पाणी मुरणं तर पहिल्या दिवशीच बंद. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली भूमिगत बाजार बांधला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाडून पार्क पूर्ववत करायला लावला. हरकतीत जरूर लिहा.

पट्टीचा हिशेब: नाल्यालगत समजा ६ मीटर सोडावे लागले, तर १२ पैकी सहाच उरतात. ६ गुणिले २५० म्हणजे १,५०० चौ. मी., त्यातही देखभालीचं यंत्र जायला वाट हवी. इथे चालण्याचा मार्ग होईल, मुलांचं मैदान नाही. 'सम क्षेत्र' हा शब्द मान्य करू नका, 'सम वापरयोग्य क्षेत्र' म्हणा. ती पट्टी आधीच एखाद्या ले-आउटच्या १० टक्के खुल्या जागेत मोजलेली नाही ना, हेही तपासा. तीच जागा दोनदा दाखवणं नवीन नाही.

नकाशावही
चौदा महिने झालेत, तर हरकतीत दोन मागण्या ठेवा. मुख्य: फेरबदल रद्द करून उरलेल्या दहा महिन्यांत संपादन सुरू करा. पर्यायी: मान्यता द्यायचीच असेल तर दर्शनी पट्टा निम्मा, उद्यानाला स्वतःची किमान ९ मीटरची सार्वजनिक वाट, खाली बांधकाम नाही, आणि मालमत्ता पत्रकावर पालिकेचं नाव लागेपर्यंत व्यापारी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. पर्यायी मागणी मुख्य मागणीला बाधा न आणता करत आहोत, हे वाक्य हवंच, नाहीतर 'नागरिकांची संमती' म्हणून शासनाकडे जाईल.

या अटी शासनाच्या मंजुरीच्या अधिसूचनेतच याव्यात असा आग्रह धरा. पालिका-मालक करारातल्या अटी पुढे दोघे मिळून बदलू शकतात.