जेवणानंतरचं चालणं

मधुमेह असणाऱ्याने सकाळी तासभर चाललं की मग दिवसभर खुर्चीत बसलं तरी हरकत नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. जेवल्यावर साखर चढते, म्हणून तेव्हाच १०-१५ मिनिटं चाललं तर जास्त उपयोग होतो. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हवाच, शिवाय दोनदा तरी वजनं उचला, उठाबशा काढा.

एक मात्र कळकळीने सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) चालू असेल तर व्यायामाने साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज ठेवा, घाम सुटला, हातपाय थरथरले की लगेच खा. डोस कमी करायचा का, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.