वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिनं ओळखायची चाचणी) एनआरएफ२ हलतच नाही, मदत हवी (तातडीची)

थकलेला_पीएचडी: अक्यूट लंग इंज्युरीचं (फुप्फुसाला अचानक होणाऱ्या इजेचं) मॉडेल लावलंय, एलपीएस (जिवाणूंचं दाह करणारं विष) देऊन. सल्फोराफेन हे संयुग दिलं की एनआरएफ२ (पेशीचं अँटिऑक्सिडंट यंत्र चालू करणारं प्रथिन) वाढायला हवा. पण कंट्रोल, एलपीएस, एलपीएस + सल्फोराफेन, तिन्ही लेनमध्ये बँड सारखाच जाड! शिवाय तो १०० केडीएच्या (प्रथिनाचं वजन) आसपास येतोय, हिशेबाने ६६ हवा. बँड दाखवणारी अँटीबॉडी खराब आहे ना? दुसरी कोणती घेऊ? शुक्रवारी सरांना दाखवायचंय. "पेपर वाच" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या.

भातुकली: उंदीर की पेशी? अख्खं लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) की न्यूक्लिअर (फक्त केंद्रकाचा भाग)? सल्फोराफेननंतर किती तासांनी काढलं?

थकलेला_पीएचडी: पेशी. अख्खं लायसेट. अँटीबॉडीचं सांगा ना.

तिरसट_तात्या: १०० बरोबर आहे. एनआरएफ२ जेलवर जड धावतो, ९५ ते ११० मध्येच दिसतो. अँटीबॉडीला उगाच शिव्या देऊ नका. खरी गंमत कंट्रोलमध्ये आहे. कीप१ नावाचं दुसरं प्रथिन एनआरएफ२ला सतत प्रोटिआसोमकडे (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) धाडत असतं, वीसेक मिनिटांत निम्मा संपतो. मग काहीही न देता जाड बँड आला कुठून?

माजघर: इतकी केमिकलं कशाला? हळदीतल्या कर्क्युमिननेही एनआरएफ२ वाढतो म्हणतात. आमच्याकडे कोविडमध्ये सगळ्यांना हळदीचं दूध दिलं, कुणालाच व्हेंटिलेटर लागला नाही.

आयसीयूवाला: व्हेंटिलेटर न लागलेले बहुतेक दूध न पिताही बरे झाले, ताई. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं अचानक निकामी होतात तेव्हा) ओमेगा-३ आणि अँटिऑक्सिडंट नळीतून देऊन बघितलेत, ती चाचणी फायदा नाही म्हणून मधेच थांबवली, निकाल २०११ साली छापून आला. जीव वाचवले ते व्हेंटिलेटरच्या छोट्या श्वासांनी. २००० साली छापलेल्या चाचणीत दर श्वासाला १२ऐवजी ६ मिली प्रति किलो हवा दिल्यावर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१वर आले.

तिरसट_तात्या: बाहेरून अँटिऑक्सिडंट ओतणं वेगळं आणि पेशीचं स्वतःचं यंत्र चालू करणं वेगळं. एनआरएफ२ नसलेल्या उंदरांची फुप्फुसं जास्त ऑक्सिजनने कितीतरी लवकर बिघडतात.

आयसीयूवाला: उंदरांना औषध बहुधा इजेच्या आधी देता. माझा पेशंट इजा झाल्यावर येतो. डायमिथाइल फ्युमरेट हे औषध एनआरएफ२च चालू करतं ना? ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत कोविडला दिलं, उपयोग दिसला नाही.

तिरसट_तात्या: एका औषधावरून अख्खी वाट बंद करायची का?

भातुकली: तुमचं चालू द्या. थकलेल्या, पेशी *कोणत्या*?

थकलेला_पीएचडी: ए५४९. फुप्फुसाच्या म्हटल्यावर अजून कोणत्या असणार?

भातुकली: झालं! ए५४९ कर्करोगाच्या पेशी आहेत आणि त्यांच्या कीप१मध्येच म्युटेशन आहे. २००६ पासून माहीत असलेली गोष्ट. अडवणाराच नादुरुस्त, म्हणून एनआरएफ२ कायम चढलेला. सल्फोराफेन कीप१च्याच सिस्टीनला (त्यातलं एक अमिनो आम्ल) धरतं, ते इथे काय करणार? एनक्यूओ१ (एनआरएफ२ चालू असला की वाढणारं प्रथिन) लावून बघ, तोही कंट्रोलमध्येच भरपूर दिसेल. बीस-२बी (श्वासनलिकेच्या, कर्करोग नसलेल्या पेशी) घे, आणि न्यूक्लिअर फ्रॅक्शन काढ.

थकलेला_पीएचडी: पण पेशी सरांनीच दिल्यात. शिवाय शुक्रवारपर्यंत नव्या कुठून आणू?

तिरसट_तात्या: पुण्याच्या एनसीसीएसला (तिथे पेशींचा साठा असतो) विचारा. शुक्रवारपर्यंत नाही मिळणार. सरांना एनक्यूओ१चा ब्लॉट दाखवा, म्हणजे तोंडाने कमी सांगावं लागेल.

माजघर: सल्फोराफेन म्हणजे ब्रोकोलीतलंच ना? शिजवून चालते का?

भातुकली: जास्त शिजवली तर ते तयार करणारं विकर मरतं. वरून चिमूटभर मोहरीची पूड घाला, तिच्यात ते असतं.