गर्भनिरोधक पॅच: दिवाळीचा प्रवास, अभ्यंगस्नान आणि अर्धशिशी

सोनचाफा (प्रश्न):
मी मँचेस्टरला राहते. वय ३३ वर्षे, वजन ७० किलोच्या आसपास, धूम्रपान नाही. रोजची गर्भनिरोधक गोळी माझ्याकडून वरचेवर चुकते, म्हणून इथल्या नर्सकडे एव्हरा पॅचची (त्वचेवर चिकटवायची, संप्रेरक सोडणारी गर्भनिरोधक पट्टी) चौकशी करायचे ठरवले आहे. दिवाळीत मी साताऱ्याला माहेरी असेन. अभ्यंगस्नानाच्या तेलाने पॅच सुटतो का, प्रवासात बदलण्याचा दिवस पुढे गेला तर काय करावे आणि तिकडे तो मिळतो का, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. शिवाय मला अधूनमधून अर्धशिशीचा त्रास होतो आणि डोके दुखण्याआधी वीसेक मिनिटे डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकणाऱ्या रेषा येतात. पॅचमुळे हा त्रास वाढेल का?

गोदाकाठ:
मी हा पॅच बरीच वर्षे वापरते आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी नवा, असे तीन आठवडे लावायचा आणि चौथा आठवडा मोकळा सोडायचा, त्यात पाळी येते. अंघोळीने किंवा घामाने तो सहसा सुटत नाही, मात्र तेलाचे तसे नाही. ज्या जागी लावायचा ती त्वचा कोरडी आणि तेल-क्रीमविरहित हवी, म्हणून मी अभ्यंगाच्या आदल्या दिवशीच कमरेखाली मागच्या बाजूला लावते आणि तेवढी जागा सोडून तेल चोळते. कडेला कपड्यांचा काळसर धागा-कचरा चिकटतो, पण कड उचललेली नसेल तर चिंता नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला बदल ४८ तासांपर्यंत लांबला तर आठवताच बदलावा आणि वार तोच ठेवावा, त्यामुळे भारताच्या वेळेतल्या फरकाने काही बिघडत नाही. पॅच गळून २४ तासांहून अधिक काळ गेला असेल तर मात्र नव्याने चक्र सुरू करून सात दिवस कंडोम वापरावा लागतो. उलटी-जुलाब झाले तरी पॅचवर परिणाम होत नाही, हा प्रवासातला मोठा फायदा आहे. भारताच्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात तो नाही आणि दुकानात मिळेल असे गृहीत धरू नये, पुरेसे पॅच इथूनच न्यावेत.

अबोली (स्त्रीरोगतज्ज्ञ):
गोदाकाठ यांची माहिती बरोबर आहे, परंतु सोनचाफा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे मला थांबवून सांगावे लागते आहे. डोकेदुखीआधी दिसणाऱ्या त्या रेषांना ऑरा म्हणतात, आणि ऑरासह अर्धशिशी असणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेले कोणतेही गर्भनिरोधक वापरू नये, कारण त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत वय काहीही असले तरी हे निषिद्ध आहे. पॅचमधले संप्रेरक त्वचेतून जाते म्हणून ते सौम्य असते, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेल्या गोळीच्या तुलनेत पॅचमधून शरीराला एकूण इस्ट्रोजेन अधिक मिळते. सध्या तुम्ही कोणती गोळी घेता?

सोनचाफा:
पाकिटावर इथिनिल इस्ट्राडायॉल आणि लिव्होनॉरजेस्ट्रेल लिहिले आहे. गोळी सुरू करताना मी केवळ डोकेदुखी सांगितली होती, रेषांचे कोणी विचारले नाही.

अबोली:
इथिनिल इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेनच आहे, म्हणजे ते तुम्ही आधीच घेत आहात. दिवाळीची वाट न पाहता आजच तुमच्या जीपीला (तिकडच्या फॅमिली डॉक्टरला) फोन करा, रेषांचे नीट वर्णन करा आणि गेल्या सात दिवसांत संबंध आला असल्यास तेही सांगा, म्हणजे गोळी थांबवून दुसऱ्या साधनावर कसे जायचे ते ठरवता येईल. डेसोजेस्ट्रेलची, इस्ट्रोजेन नसलेली गोळी इंग्लंडमध्ये २०२१ पासून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि ती घ्यायला १२ तासांपर्यंत उशीर झाला तरी चालते, पण तीही रोजच घ्यावी लागते. तुमची अडचण विसरण्याचीच असेल तर दंडात बसवायचे, तीन वर्षे चालणारे इम्प्लांट, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल किंवा तांबी यांचा विचार करा. त्यांत इस्ट्रोजेन नाही. एखाद्या वेळी हातपाय अचानक लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा नेहमीपेक्षा वेगळी, असह्य डोकेदुखी झाली तर घरी थांबू नका, ९९९ या तिकडच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

गोदाकाठ:
मला ऑरा कधी आलेला नाही, तरी मी अर्धशिशीबद्दल आधी विचारायला हवे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सोनचाफा, फोन झाल्यावर इथे अवश्य कळवा.