उत्तर: फंक्शन कॉल महाग नाही, शोधणं महाग आहे

सोलापूरच्या ज्या मित्राने विचारलंय, की चादरीच्या जॅकार्ड डिझाइनचा प्रोग्राम रंगाचं फंक्शन डीएलओपनने (प्रोग्राम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) उघडलेल्या लायब्ररीत टाकल्यापासून रेंगाळतोय, त्यांनी आधी डीएलसिम, म्हणजे नावावरून लायब्ररीतल्या फंक्शनचा पत्ता काढणारं फंक्शन, कुठे लिहिलंय ते बघावं. लूपच्या आत असेल तर चोर तिथेच सापडला. डीएलसिम दर वेळी नावाचा हॅश (नावावरून बनवलेला आकडा) काढून सिम्बॉल टेबलात, म्हणजे लायब्ररीतल्या नावांच्या आणि पत्त्यांच्या यादीत, शोधतं. २४०० हुक (उभे धागे उचलणारे) आणि ३००० पिक (आडव्या धाग्याच्या ओळी) असलेलं डिझाइन म्हणजे दर ठिपक्याला एक असे ७२ लाख कॉल; शोधायला प्रत्येकी २०० नॅनोसेकंद धरले तरी जवळपास दीड सेकंद नुसता शोधण्यात. पत्ता एकदाच काढून पॉइंटरमध्ये (पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा. मग उरतो पॉइंटरमार्गे होणारा कॉल. पत्ता ठरलेला असल्याने कॉल कुठे जाणार हे प्रोसेसर आधीच अचूक ओळखतो, खर्च नगण्य.

वरच्या एका उत्तरात कुणी या रेंगाळण्याचा दोष पीएलटीला (दुसऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनकडे कॉल वळवणारा तक्ता) दिलाय, पण डीएलसिमने घेतलेला पॉइंटर पीएलटीतून जातच नाही. पीएलटी येते लिंक करताना जोडलेल्या लायब्ररीत, आणि तिथेही लेझी बाइंडिंगचा, म्हणजे गरज पडल्यावरच पत्ता शोधण्याचा, भुर्दंड फक्त पहिल्या कॉलला. हां, लायब्ररीतली फंक्शन्स एकमेकांना बोलावतानाही पीएलटीतून फिरू शकतात; आतली फंक्शन्स हिडन (लायब्ररीबाहेर न दिसणारी) केली की ते थांबतं.

पत्ता एकदाच काढल्यावर उरणारा खरा तोटा इनलाइनिंगचा, म्हणजे कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच बसवण्याचा. कंपायलरला पलीकडचं दिसत नाही, म्हणून व्हेक्टरायझेशनही (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) जातं. म्हणून एकेका ठिपक्यासाठी कॉल नको, पिकाची अख्खी ओळ एकदम द्या: ७२ लाखांचे ३००० कॉल होतात. बदलाआधी पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) चालवून बघा. लुकअपचं, म्हणजे शोधण्याचं, फंक्शन यादीत वर दिसलं तर दोषी डीएलसिमच.