स्वतःची पहिली गाडी: डिझेल छोटा हत्ती घ्यावा की इलेक्ट्रिक? (चाकण-भोसरी लाईन)

प्रश्न: भोसरी_लाईन
मालकाच्या गाडीवरून उतरून स्वतःची गाडी घ्यायची आहे. लायसन एलएमव्ही (हलक्या वाहनाचं), हातात अडीच लाख, बाकी कर्ज. काम चाकण-भोसरी-पिंपरीत पार्ट्सचं, माल ५००-६०० किलो, दिवसाला ९०-१०० किमी. आठवड्यातून एक फेरी घाटाखाली नवी मुंबईतल्या कळंबोलीची. ई-ट्रकवर ९.६ लाखांचं अनुदान आहे म्हणतात, ते मिळेल का? घाट झेपेल का? पुढे कंटेनर लाईनला जायचं आहे, त्यासाठी आतापासून काय करावं?

उत्तर १: पासिंगवाला
ते अनुदान विसरा. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ई-वाहन योजनेतलं ट्रकचं अनुदान माल धरून ३.५ टनांच्या वरच्या गाड्यांना, म्हणजे एन-२ आणि एन-३ गटाला आहे. ९.६ लाख ही सर्वात मोठ्या गाडीची कमाल मर्यादा आहे, सरसकट रक्कम नाही. शिवाय जुना ट्रक नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्याचं प्रमाणपत्र लागतं. छोटा हत्ती त्यात बसत नाही. शोरूमवाला "नंतर सबसिडी येईल" म्हणाला तर त्यावर हप्त्याचा हिशोब बांधू नका. अनुदान असतं तिथे ते बिलातच वजा होऊन येतं.

तुमचा खरा फायदा इतरत्र आहे. बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला २०१८ पासून परमिट लागत नाही (३,००० किलो एकूण वजनापर्यंतच्या डिझेल गाडीलाही ते लागत नाही). थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, पीयूसी नाही. आरटीओची फिटनेस तपासणी मात्र चुकत नाही: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवरची ई-वाहनांची टोलमाफी मालवाहू गाड्यांना नाही, तेव्हा कळंबोलीच्या भाड्यात टोल धराच.

लायसनचं म्हणाल तर ७,५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंत (माल धरून गाडीचं एकूण वजन) एलएमव्ही चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

उत्तर २: घाटमाथा
माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या कामासाठी इलेक्ट्रिक घ्या आणि कळंबोलीची फेरी दुसऱ्या गाडीला द्या.

कारण असं. टाटाच्या एस प्रो ईव्हीची (इलेक्ट्रिक छोटा हत्ती) बॅटरी १४.४ युनिटची, कागदावरची रेंज १५५ किमी. भरलेली गाडी, सिग्नल, चाकण चौकातली कोंडी धरून ती ११०च्या आसपास मोजा. तुमचे ९०-१०० किमी त्यात बसतात, पण काठावर. दुपारी जेवायच्या वेळी तासभर चार्जिंग मिळालं तर निर्धास्त.

कळंबोली एका बाजूलाच शंभर किमीच्या आसपास. परतीला घाट. दीड टन वजन ६०० मीटर वर चढवायला नुसती उंचीचीच अडीच युनिट लागतात, मोटर आणि कंट्रोलरची गळती धरून तीन. म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा खोपोली ते खंडाळा एवढ्यातच गेला. वर एक्सप्रेस-वेचा वेग आणि ताडपत्रीला लागणारा वारा. खाली चार्जिंग न करता परत येणं शक्य नाही.

दुसरी चूक लोणावळ्यात होते. तिथे बॅटरी १०० टक्के भरून भरतीची गाडी घाटात उतरवू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनची, म्हणजे मोटर गाडीला रोखताना तयार होणारी वीज शिरायला जागा नसते, त्यामुळे रिजन बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. उतरताना बॅटरी ८०-८५ टक्क्यांच्या खालीच असू द्या.

फास्ट चार्जिंग प्रत्येक मॉडेलला नसतं. आहे म्हणाले तर सीसीएस-२ गन (फास्ट चार्जरचा प्लग) आणि किती किलोवॅट घेते हे कोटेशनवर लिहून घ्या.

उत्तर ३: अर्थिंग_आधी
गाडी बुक करण्याआधी पार्किंगची जागा बघा. भाड्याच्या खोलीसमोर रस्त्यावर गाडी लावत असाल तर हा धंदा जमणार नाही.

घरगुती चार्जर ३ किलोवॅटच्या आसपास खेचतो, तोही पाच-सहा तास सलग. गिझरचा सॉकेट वीस मिनिटांसाठी ठीक असतो, रात्रभरासाठी नाही. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर ओढा, २० अँपियरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा), ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि १६ अँपियरचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लग हाताने बघा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल किंवा पिनेभोवती प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर आतला स्क्रू सैल आहे.

"चार्जर खराब आहे" म्हणून गाडी सर्व्हिसला नेतात, तेव्हा बऱ्याचदा दोष अर्थिंगचा निघतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा, ३ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर नवा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) करा. उन्हाळ्यात पिटमध्ये पाणी घालायला विसरू नका. महावितरणकडून लोड वाढवून घ्या किंवा चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या, त्याचा दर स्वतंत्र आहे.

आणखी एक: गाडी सुरू (रेडी) होत नसेल तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही बसली की गाडी जागची हलत नाही. धुताना नारिंगी केबल आणि कनेक्टरवर प्रेशरचा पाईप मारू नका.

भोसरी_लाईन: पार्किंग स्वतःच्या घरचं आहे. हप्त्याचं गणित कसं मांडू?

उत्तर ४: पोहोच_पावती
डिझेल ९० रुपये आणि १८चा ॲव्हरेज धरला तर किमीला ५ रुपये. इलेक्ट्रिकला १०० किमीला प्लगवर १२-१३ युनिट, १० रुपये दराने किमीला सव्वा रुपया. महिन्याला २,५०० किमी पळाली तर नऊ हजारांच्या वर फरक. बाहेर २० रुपयांनी चार्ज केली तर तोच फरक सव्वासहा हजारांवर येतो. दोन्ही गाड्यांच्या हप्त्यांतला फरक या रकमेच्या आत बसला तरच घ्या. गाडी १,२०० किमीच पळणार असेल तर डिझेल बरी.

कंपनीत गाडी लावताना चार गोष्टी करारात लिहून घ्या: किमान किमी, गेटवर थांबल्याचं हॉल्टिंग (जादा भाडं) कितव्या तासापासून, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोणाची, आणि पोहोच (माल मिळाल्याची पावती) दिल्यापासून किती दिवसांत पैसे. साठ दिवसांचं उधार घेऊन दर महिन्याचा हप्ता भरणं, इथेच नवीन मालक अडकतो. म्हणून अडीच लाखांतले दोन हप्ते आणि विम्याचे पैसे बाजूला काढा, सगळं डाऊन पेमेंटला घालू नका. दहापेक्षा जास्त गाड्या नसतील तर भाडं देणाऱ्या कंपनीला पॅनसह तसं डिक्लरेशन द्या, बिलातून टीडीएस (आगाऊ आयकर) कापला जात नाही.

कंटेनरचं: एलएमव्हीला एक वर्ष झालं असेल तर हेवीचं (अवजड वाहनाचं) लर्निंग काढा, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचा दाखला) लागेल. गाडीची घाई नको. न्हावा शेव्यात ई-ट्रक आधी बंदराच्या आत, बॅटरी बदलून चालायला लागले आहेत. तिथे अंतर ठरलेलं आणि बॅटरी जवळच. तिथून चाकणपर्यंत यायचं तर ४० टन घाट चढवायला उंचीचीच ६५ युनिट जातात. वाटेत मोठ्या गाडीला वळवून उभं राहता येईल असं चार्जिंग आणि परतीचं भाडं, दोन्ही हातात आल्यावरच त्या गाडीचं कोटेशन काढा.