वऱ्हाडातल्या मुलींना शाळा कोणी दिली?

दर्यापूरचा शेतकरी:
सावित्रीबाईंच्या जयंतीला येथे एका सदस्याने लिहिले की, इंग्रज आले नसते तर वऱ्हाडातल्या एकाही मुलीच्या हाती पाटी आली नसती, म्हणून आधी त्यांचे आभार मानावेत. हे वाचून राहवले नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड मिळताच इंग्रजांची नजर गेली ती आमच्या कापसावर. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पण माझ्या आजीच्या लहानपणी, म्हणजे १९३० नंतरही, आमच्या गावात शाळा होती ती चौथीपर्यंतच. दिवाळी झाली की वेचणी लागायची आणि मुलींची शाळा सुटायची ती कायमचीच. आजीने पाटीचा एक फुटका तुकडा मरेपर्यंत पेटीत जपला होता. कोणत्या बाईने किती मण कापूस वेचला, याचा हिशेब ती त्यावर मांडायची. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो, हे जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सांगितलेच होते. मग आभार कसले?

मेहकरचे निवृत्त गुरुजी:
भाऊ, एका आजीवरून इतिहास ठरत नाही. जोतीरावांचे निवेदन मुंबई इलाख्याविषयी होते. वऱ्हाडचा कारभार तेव्हा वेगळा होता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण टाकणारे इंग्रज नव्हते, आपलेच लोक होते. सावित्रीबाईंना अध्यापनाचे धडे मिळाले, तेही नगरच्या मिशनमधील मिस फरार यांच्याकडून.

दर्यापूरचा शेतकरी:
मिस फरार अमेरिकन होत्या, गुरुजी. त्यांचे श्रेय इंग्रज सरकारच्या खात्यावर कशासाठी लिहिता?

बुलडाण्याची शिक्षिका:
तुम्हा दोघांच्या बोलण्यात पुणे आले, नगर आले, बुलडाणा मात्र आले नाही, याचा मला संताप येतो. त्याच १८८२ साली आमच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेल्यावर वृत्तपत्रे सगळ्या स्त्रीजातीलाच दूषणे देऊ लागली, तेव्हा या बाईने पुरुषांना जाब विचारला. त्यांना घरी शिकवले ते त्यांच्या वडिलांनी, बापूजी हरी शिंदे यांनी. माझ्या सातवीच्या मुलींना हे नावसुद्धा ठाऊक नसते.

मेहकरचे निवृत्त गुरुजी:
बाई, बापूजी नोकरीला होते ती कचेरी कोणाची होती? छापखाने या देशात कोणाच्या राज्यात वाढले? हे नाकारून ताराबाईंचा अभिमान कसा बाळगता येईल?

बुलडाण्याची शिक्षिका:
कचेरीत कारकून पुष्कळ होते, गुरुजी. त्यांतल्या किती जणांनी मुलीला समोर बसवून शिकवले? निर्णय बापाचा होता, सरकारचा नव्हे. माझे वडील सालदार होते. दहावीनंतर मला शहरात ठेवायचे ठरले, तेव्हा मालक म्हणाले, “पोरीले शिकवून काय करतं?” वडिलांनी उत्तर दिले नाही; पुढच्या सालाची उचल घेतली आणि माझ्या वसतिगृहाचे पैसे भरले. ते वर्षभर त्यांनी पायांत चप्पल घातली नाही. अशा बापांना इतिहासात एक ओळही मिळत नाही आणि आभार मात्र राज्यकर्त्यांचे मानायचे, हे मला सहन होत नाही.

मेहकरचे निवृत्त गुरुजी:
कारकुनांविषयीचा मुद्दा मान्य करावा लागतो. ‘आभार’ हा शब्द मी लावून धरणार नाही. परंतु सरकारी शाळा आणि छापखाने नसते, तर अशा बापांची इच्छा घरातच राहिली असती, हे माझे म्हणणे कायम आहे.

दर्यापूरचा शेतकरी:
जोतीरावांचे निवेदन मुंबई इलाख्याचे होते, हे मीही मान्य करतो. मात्र कापसासाठी रेल्वे इतक्या लवकर पोहोचली, तरी आजीच्या गावात पाचवीचा वर्ग का निघाला नाही, याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.